लष्करी गाड्या, भंगार बाजार आणि आपले मिस्त्री

भारतात जीप म्हटली की महिंद्रा हे नाव आपोआप येतं. पण या कंपनीच्या पहिल्या पाटीवर दोन नावं होती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जे. सी. महिंद्रा आणि के. सी. महिंद्रा या दोन भावांनी मलिक गुलाम महंमद यांच्यासोबत कंपनी काढली. तिचं नाव होतं ‘महिंद्रा अँड महंमद’. व्यवसाय पोलादाचा होता. गुलाम महंमद लाहोरचे, अलिगढला शिकलेले. रेल्वेच्या हिशेब खात्यातून पुढे आलेले निष्णात अधिकारी. निजामाच्या हैदराबाद संस्थानचे अर्थमंत्रीही ते होते. फाळणी झाली आणि ते पाकिस्तानात गेले. तिथले पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले आणि १९५४ मध्ये त्यांनी पाकिस्तानची संविधान सभाच बरखास्त केली. इकडे मुंबईत १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. ‘एम अँड एम’ छापलेले कागद आधीच तयार होते, म्हणून आद्याक्षरं तीच राहतील असं नाव निवडलं गेलं, असा किस्सा सांगतात.

एका ‘एम’ची जागा दुसऱ्या ‘एम’ने घेतली आणि कागद वाया गेला नाही. फाळणीच्या रक्तरंजित हिशेबात ही अगदी किरकोळ नोंद. पण जुन्या लष्करी गाड्यांच्या नादाला लागल्यापासून मला ही नोंद सारखी आठवते. कारण या गाड्यांच्या इतिहासात असे पुसलेले ‘महंमद’ पावलोपावली भेटतात. ते गव्हर्नर जनरल नव्हते. ते ड्रायव्हर, फिटर, वेल्डर, पत्रेवाले आणि भंगारवाले होते. आजचा लेख त्यांच्याविषयी आहे.

शिवडी ते द्रोणागिरी

मी द्रोणागिरीत राहतो. उरण तालुक्यातला हा सिडकोचा भाग. एका बाजूला डोंगर आणि त्यावरचा पडका किल्ला, दुसऱ्या बाजूला बंदर. २६ मे १९८९ रोजी न्हावा शेव्याचं बंदर सुरू झालं आणि मिठागरांच्या, भातशेतीच्या या मुलखात कंटेनर आले. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी रक्त सांडलं, पाच जण हुतात्मा झाले, हे रायगडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आज इथल्या रस्त्यांवर चोवीस तास ट्रेलर धावतात. ट्रेलर आले म्हणून गॅरेज आले, पंक्चरवाले आले, पाटे बसवणारे आले. त्यात उत्तर प्रदेश-बिहारचे लोक आहेत, आगरी-कोळी पोरं आहेत आणि पनवेल-उरणच्या मोहल्ल्यांतले कोकणी मुसलमानही आहेत.

अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला. त्याचं एक टोक आमच्याकडे आणि दुसरं शिवडीला. गाड्यांच्या इतिहासात या दुसऱ्या टोकाला फार मान आहे. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना घातला. भारतात मोटारी जोडण्याचं काम मोठ्या प्रमाणावर तिथूनच सुरू झालं. फोर्डही मुंबईत होतीच. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा कॅनडातून सुट्या भागांच्या रूपात लष्करी ट्रक येऊ लागले आणि मुंबईत जोडले जाऊ लागले. चपट्या नाकाचे, रुंद चाकांचे शेव्हर्ले आणि फोर्ड ट्रक. गाड्यांचे शौकीन त्यांना ‘सी.एम.पी.’ म्हणतात, म्हणजे कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न. कॅनडाने त्या युद्धात सगळ्या प्रकारच्या मिळून आठ लाखांहून जास्त लष्करी गाड्या बनवल्या. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटापासून ब्रह्मदेशाच्या चिखलापर्यंत हिंदी फौज या ट्रकांवर बसून गेली. जमशेदपूरला टाटांनी कॅनडाच्या फोर्ड चासीवर चिलखती पत्रा चढवून गाड्या बनवल्या. त्यांना फौजेत ‘टाटानगर’ म्हणत.

या गाड्या चालवायला आणि दुरुस्त करायला माणसं कुठून आली? युद्धाच्या सुरुवातीला हिंदी फौज मुख्यतः खेचरांवर होती. डिसेंबर १९३९ मध्ये फ्रान्सला गेलेली ‘फोर्स के-६’ ही खेचरांची तुकडी होती आणि तिच्यातले बहुसंख्य जवान पंजाबी मुसलमान होते. डंकर्कच्या माघारीत हे लोक होते. सिनेमात ते फारसे दिसत नाहीत, हा भाग वेगळा. पुढच्या पाच-सहा वर्षांत हीच फौज खेचरावरून ट्रकवर आली. २५ लाखांपर्यंत वाढलेल्या या फौजेला हजारो ड्रायव्हर आणि मेकॅनिक लागले. १९४३ मध्ये दुरुस्तीसाठी खास ‘इंडियन इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स’ ही शाखा उभी राहिली. आजच्या ई.एम.ई.चा हा जन्म. शेतकऱ्याची, लोहाराची, सुताराची पोरं तिथे इंजिन खोलायला शिकली.

युद्ध संपलं. गाड्या उरल्या आणि हातही उरले.

डिस्पोजलचा माल

आमच्या वडिलांच्या पिढीत ‘डिस्पोजल’ हा शब्द मराठी-उर्दू दोन्हींत रुळलेला होता. डिस्पोजलचा कोट, डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलची जीप. युद्धानंतर सरकारने फौजेचा अतिरिक्त माल विकायला काढला. कल्याणजवळ युद्धकाळात उभारलेली भली मोठी छावणी निर्वासित सिंधी कुटुंबांना मिळाली आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. माणसांना जशी फौजेची बराक घर म्हणून मिळाली, तशीच फौजेची गाडी अनेकांना रोजगार म्हणून मिळाली. लष्करी ट्रकांवर लाकडी हौदे चढले आणि त्यांतून ऊस, वाळू, कांदा, लाकूड वाहिलं जाऊ लागलं. जीप तर कुणीही घ्यावी आणि काहीही करावं अशी. बागाईतदाराने घेतली, कंत्राटदाराने घेतली, शिकाऱ्याने घेतली, निवडणुकीत पुढाऱ्याने घेतली.

पुन्हा बांधलेल्या लष्करी गाड्यांनीच स्वतंत्र भारताला पहिला मोठा घोटाळाही दिला. काश्मीरची लढाई चालू असताना १९४८ मध्ये लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी जुन्या दुरुस्त जीपांसाठी सुमारे ८० लाखांचा करार केला. हाती आल्या १५५ जीपा, त्याही धड नाहीत. प्रकरण संसदेत गाजलं आणि १९५५ मध्ये सरकारने ते बंद केलं. पुढे हेच मेनन संरक्षणमंत्री असताना १९५९ मध्ये जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून जर्मन ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर ‘शक्तिमान’ ट्रक बाहेर पडला. त्यानंतर निस्सानच्या परवान्यावर एक टनी कॅरियर आले आणि १९६९ पासून ‘जोंगा’ आली. जोंगा हे नाव म्हणजे जबलपूरच्या आयुध आणि तोफगाडी कारखान्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. १९९९ पर्यंत ती बनत होती. क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनीने जोंगा घेतली तेव्हा नव्या पोरांना ती माहीत झाली. तोवर लिलावातून सुटलेल्या बहुतेक जोंगा डोंगराळ भागात लाकडं वाहून थकल्या होत्या.

लो बोनेट, हाय बोनेट

महायुद्धातली अस्सल जीप दोन कंपन्यांनी बनवली. विलीजची ‘एम.बी.’ आणि फोर्डची ‘जी.पी.डब्ल्यू.’. १९४१ ते १९४५ या काळात दोन्ही मिळून सहा लाखांहून जास्त. आराखडा एकच, सुटे भाग एकमेकांना बसणारे. इंजिन सव्वादोन लिटरच्या आसपासचं, चार सिलिंडरचं, ६० अश्वशक्तीचं. वीज सहा व्होल्टची. पेट्रोलची टाकी थेट ड्रायव्हरच्या सीटखाली. स्टिअरिंग डावीकडे.

दोन्हींत फरक कसा ओळखायचा? रेडिएटरच्या खाली चासीची पुढची आडवी पट्टी बघायची. विलीजची गोल नळी असते, फोर्डची उलट्या पन्हळीसारखी. आणखी एक खूण आहे. हेन्री फोर्डच्या कंपनीने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, ‘एफ’ अक्षर ठोकलं होतं. ऐंशी वर्षांनंतर गंज खरवडताना तो एवढासा ‘एफ’ हाती लागतो, तेव्हा शेडमध्ये चहा मागवला जातो.

आपल्याकडचे लोक जीपांची विभागणी वेगळ्याच पद्धतीने करतात: लो बोनेट आणि हाय बोनेट. युद्धातली आणि त्यानंतर लगेचची जीप लो बोनेट. विलीजने १९५३ मध्ये उंच इंजिन बसवलं, त्यासाठी बोनेट उंच करावं लागलं, ती हाय बोनेट. महिंद्राने माझगावात जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे हीच हाय बोनेट घराघरांत पोहोचवली. अमेरिकेत ती बंद झाल्यावरही आपल्याकडे तिच्या बहिणी-भाच्या कित्येक दशकं बनत राहिल्या. याचा एक मोठा फायदा झाला. युरोपातल्या शौकिनाला जे भाग जपून ठेवलेल्या साठ्यातून शोधावे लागतात, त्यांचे जवळचे नातेवाईक आपल्याकडे तालुक्याच्या दुकानात मिळत. म्हणून आपल्या जीपा मेल्या नाहीत. त्या बदलत गेल्या.

शेडमधला रविवार

द्रोणागिरीपासून थोड्या अंतरावर एका मित्राची पत्र्याची शेड आहे. त्यात सध्या एक लो बोनेट उभी आहे. आम्ही चार-पाच जण रविवारी जमतो. कुणी बंदरात कामाला, कुणी शाळेत, कुणी दुकानदार. खरं काम करतात ते आमचे मिस्त्री. सत्तरी ओलांडलेले आहेत. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो, आगरी पोरंही चाचाच म्हणतात. लहानपणी कुर्ल्याच्या एका गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली शिकले. शाळा चौथीपर्यंत.

ही गाडी खोलायला घेतली तेव्हा तिच्यात किती गाड्या आहेत ते कळलं. चासी फोर्डची. बॉडी पत्र्याची, हातोडीने ठोकून बनवलेली, बहुधा साठच्या दशकातली. इंजिनाच्या जागी मॅटाडोरचं डिझेल इंजिन, कारण पेट्रोल महागलं तेव्हा मालकाने ते बदलून घेतलं असणार. स्टिअरिंग उजवीकडे नेलेलं. वायरिंग बारा व्होल्टचं. पुढचा एक्सल जुना, मागचा महिंद्राचा.

खाडीच्या खाऱ्या हवेत पत्रा लवकर सडतो. म्हणून पहिलं काम गंजाचं. वरचा रंग उतरवला तर खाली पोपटी, त्याखाली पांढरा, त्याखाली पोलिसी निळा आणि सगळ्यात खाली फौजेचा मळकट हिरवा. सडलेला तळ कापून नवा पत्रा वेल्ड करायचा. पाटे खोलून एकेक पट्टी साफ करायची, बुश बदलायचे. ब्रेकच्या सिलिंडरला आतून पॉलिश करायचं, रबर नवे घालायचे. इंजिन बसलं नाही तरी चालेल, ब्रेक बसला पाहिजे, असा चाचांचा नियम आहे.

एका रविवारी वाद झाला. आमच्यातल्या एका उत्साही मित्राने इंटरनेटवरून १९४३ च्या कारखान्याचे आराखडे आणले. त्याचं म्हणणं, गाडी हुबेहूब तशीच झाली पाहिजे. मॅटाडोरचं इंजिन काढा, हातची बॉडी फेका, परदेशातून नवी बॉडी मागवा. चाचा गिअरबॉक्सच्या झाकणावर हात ठेवून ऐकत होते. ते झाकण मूळचं नव्हतं. मॅटाडोरचं इंजिन आणि जीपचा गिअरबॉक्स एकमेकांना जुळत नाहीत, म्हणून कुणीतरी मध्ये जाड पोलादाची प्लेट घालून नवी भोकं पाडली होती. इतकी नेमकी की चाळीस वर्षांत शाफ्ट हललेला नाही.

चाचा म्हणाले, “बेटा, अमेरिकेवाल्याने एकदा बनवली. या बिचाऱ्याने ती चाळीस वर्षं चालवली. तू म्हणतोस त्याचं काम भंगारात टाकू?”

वाद तिथे मिटला नाही. पण मला मात्र लिहायचा विषय मिळाला.

अस्सल म्हणजे काय?

अमेरिकेत आणि युरोपात लष्करी गाड्या जपणाऱ्यांच्या मोठ्या संघटना आहेत. दरवर्षी ६ जूनला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर शेकडो जुन्या जीपा आणि ट्रक जमतात. तिथे अस्सलपणाची कसोटी कारखाना असते. गाडी ज्या दिवशी बाहेर पडली, त्या दिवसासारखी ती दिसली पाहिजे. त्यांच्यासाठी ते योग्यच आहे. त्यांच्या गाडीचा महत्त्वाचा इतिहास त्या दोन-तीन वर्षांत घडला.

आपल्या गाडीचा इतिहास मात्र युद्धानंतर सुरू होतो. तो कुर्ल्याच्या भंगार गल्लीत, मटण स्ट्रीटच्या चोर बाजारात, ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत घडला. या साखळीत पारशी होते, सिंधी होते, पंजाबी शीख होते, गुजराती बोहरी होते. पण हातात पाना धरणाऱ्यांत मुसलमान पोरं फार मोठ्या संख्येने होती. याचं कारण त्यांच्या रक्तात नव्हतं. सरकारी नोकरीची दारं अरुंद होती, शिक्षण लवकर सुटत होतं, भांडवल नव्हतं. गॅरेजमध्ये दाखला विचारत नाहीत, बोट कापलं तरी रडत नाही ना एवढंच बघतात. २००६ च्या सच्चर अहवालाने मुसलमानांचं स्वयंरोजगारात आणि मोटारदुरुस्तीसारख्या कामांत असलेलं मोठं प्रमाण आकड्यांत मांडलं. पुढे ‘पंक्चरवाले’ ही शिवी झाली. समाजमाध्यमांवर आजही ती सर्रास दिली जाते. ज्या कौशल्यावर देशाची वाहतूक चालली, त्याच कौशल्याच्या नावाने माणसाला हिणवायचं, हा प्रकार आपल्याच देशात होऊ शकतो.

म्हणून मला वाटतं, मॅटाडोरचं इंजिन काढून फेकणं ही साधी हौस राहत नाही. गाडी १९४३ ला परत नेताना आपण मधली ऐंशी वर्षं खरवडून टाकतो आणि त्या ऐंशी वर्षांतले हातही पुसले जातात. कंपनीच्या पाटीवरून एक नाव गेलं त्याला निदान कागदोपत्री नोंद आहे. ती जोडपट्टी कुणी बनवली याची नोंद त्या पट्टीखेरीज कुठेही नाही.

पॅटन चौकात, जीप लिलावात

१० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरणजवळ चीमा गावाच्या उसात-कपाशीत हवालदार अब्दुल हमीद यांनी उघड्या जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हमीद शिंप्याच्या घरातले, गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे. पॅटन त्या काळातला जगातला नामांकित रणगाडा. त्याच्यासमोर पत्र्याची, छप्पर नसलेली जीप. तिचा एकच फायदा होता: ती बुटकी होती, उभ्या पिकात लपत होती आणि झटकन जागा बदलत होती.

लढाईत पकडलेले पॅटन आज देशभर चौकांत, छावण्यांच्या दारांत, संग्रहालयांत उभे आहेत. आपल्या अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जगभरचे रणगाडे आणि जुन्या चिलखती गाड्या बघायला मिळतात. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेची सहल एकदा तिथे जावी असं ते ठिकाण आहे. पण रसद वाहणारे ट्रक, जवानांना आघाडीवर नेणारे शक्तिमान, दवाखान्याच्या गाड्या यांच्या वाट्याला असा मान क्वचित येतो. रणगाडा स्मारक होतो आणि ट्रक लिलावात जातो. लढाई मात्र दोघांशिवाय होत नाही.

आता कायद्याची बाजू बघू. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा प्रवासी चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,००० रुपये, मुदत दहा वर्षांची आणि नंबरपाटीवर ‘व्ही ए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल यासाठी रस्त्यावर आणता येते. हे पाऊल स्वागतार्हच होतं. पण त्यात दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे, मालवाहू ट्रक या व्याख्येत बसत नाही. दुसरी, ‘मूळ रूप’ आणि ‘मोठा फेरफार नाही’ ही अट आपल्या बहुतेक जीपांना लागू पडणं कठीण. कारण मोठा फेरफार हाच त्यांचा जगण्याचा मार्ग होता.

शिवाय १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाड्या मोडीत काढण्याचा नियम आहे. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास कामाच्या गाड्यांना त्यातून सूट आहे. प्रदूषणाच्या दृष्टीने हे धोरण समजण्यासारखं आहे. जुन्या डिझेलचा धूर काय असतो हे ट्रेलरच्या गावात राहणाऱ्याला कुणी शिकवू नये. पण हजारो गाड्या मोडीत जाताना त्यांतल्या पाच-पन्नास बाजूला काढाव्यात, पंचायत समितीच्या, वनखात्याच्या, आरोग्य खात्याच्या जुन्या जीपांपैकी प्रत्येक जिल्ह्याने एकेक तरी जपावी, एवढं तर होऊ शकतं. त्यासाठी धूर सोडत फिरायची गरज नाही. त्या उभ्या राहिल्या तरी पुरे.

आपण काय करू शकतो?

सरकार करेल तेव्हा करेल. आम्ही आमच्या शेडपुरते काही नियम ठरवले आहेत. कुठलाही भाग काढण्याआधी त्याचा फोटो काढायचा. काढलेला भाग भंगारात द्यायचा नाही, त्याला चिठ्ठी बांधून ठेवायचा. रंगाचे सगळे थर दिसतील असा वीतभर तुकडा बोनेटच्या आतल्या बाजूला तसाच सोडायचा. मॅटाडोरचं इंजिन तूर्त जागेवर राहणार आहे. आणि एक वही केली आहे. तिच्यात चाचांकडून ऐकलेलं लिहून घेतो: कोणत्या गल्लीत काय मिळायचं, कोणत्या इंजिनाला कोणता गिअरबॉक्स कसा बसवायचे, उस्ताद कामाची पद्धत कशी शिकवायचे, मजुरी किती मिळायची, १९९२-९३ च्या दंगलीत कोणती गॅरेज जळाली आणि त्यानंतर कोण कुठे गेलं.

माझं वाचकांना, विशेषतः आपल्या मोहल्ल्यांतल्या तरुणांना सांगणं एवढंच आहे. तुमच्या घरात, शेजारात असे एक तरी मिस्त्री असतील. आजोबा असतील, मामू असतील. त्यांची मुलं आता कंप्युटरवर काम करतात आणि बापाच्या काळ्या हातांचा विषय टाळतात. त्या हातांपाशी जाऊन बसा, मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. आपला इतिहास म्हटलं की आपण ताजमहाल आणि बिजापूरच्या गोलघुमटाकडे बोट दाखवतो. ते आपलंच आहे, त्याचा अभिमानही आहे. पण त्या इमारती बांधणाऱ्या कारागिरांची नावं आपल्याला माहीत नाहीत म्हणून आपण हळहळतो. या कारागिरांची नावं अजून विचारून घेता येतात. त्यासाठी फार वर्षं मात्र हाती नाहीत.